अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व: अर्ज कोणी, कुठे आणि कसा करायचा

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि त्याच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा हक्क तिथेच संपतो. मूल दिव्यांग असून घास भरवल्याशिवाय जेवत नसले तरीही. बहुतेक घरांना हे बँकेच्या काउंटरवर कळते. यावरचा सरळ मार्ग राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आहे: जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकाची नेमणूक करून घेणे. या समितीवर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते.

हा कायदा चारच प्रकारांना लागू आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. स्मृतिभ्रंश झालेले वडील किंवा कोमातला भाऊ यांच्यासाठी ही समिती नेमणूक करत नाही. तिथे उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. मानसिक आजारासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वेगळा आहे. चुकीच्या दारात सहा महिने घालवण्याआधी दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर नेमका कोणता प्रकार लिहिला आहे ते वाचा.

अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. पालक म्हणून सुचवलेली व्यक्ती भारतीय नागरिक हवी, पाल्याच्या जवळपास राहणारी हवी. ती दिवाळखोर ठरलेली, गुन्ह्यात शिक्षा झालेली किंवा स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेली चालत नाही. पाल्य स्त्री असेल तर एकट्या पुरुषाची नेमणूक नियमात बसत नाही. भाऊ पुढे येत असेल तर वहिनीचे नाव सहपालक म्हणून सुरुवातीलाच घाला.

अर्जाचा नमुना म्हणजे फॉर्म ए. तो राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येतो. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र), पाल्याचा वयाचा दाखला, दोघांचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा व फोटो आणि होणाऱ्या पालकाची लेखी संमती लागते. आईवडील हयात नसतील तर मृत्यू दाखले जोडा. भावंडांची ना हरकत पत्रे जोडलेली बरी. पुढे मालमत्तेवरून कुणी हरकत घेतली तर प्रकरण तिथेच अडकते.

सर्वाधिक अर्ज नावावरून परत येतात. आधारवर ‘पाटील सुनील रमेश’, शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘सुनील पाटील’, यूडीआयडीवर वडिलांचे नावच नाही, असे तीन कागद एकत्र गेले की पडताळणी थांबते. आधी नावे एकसारखी करून घ्या, मगच अर्ज.

पालकत्व कशासाठी हवे, हे सांगताना मात्र घाई नको. पालकाची गरज खरोखर आहे का आणि कोणत्या कामांसाठी, हे दोन्ही समितीला ठरवायचे असते (कलम १४). ‘मुलाच्या कल्याणासाठी’ एवढ्याने काही कळत नाही. ‘कुटुंब निवृत्तिवेतनाचे खाते चालवणे, शस्त्रक्रियेला संमती देणे, वडिलोपार्जित घरातील हिश्श्याची देखभाल’ असे लिहा. काय घालायचे, काय खायचे, कुणाकडे राहायला जायचे, हे पाल्य खुणेने का होईना सांगत असेल तर तेही समितीला सांगा. ते निर्णय त्याचेच राहतात. पालकत्व म्हणजे त्याच्या तोंडाला कुलूप नव्हे.

पडताळणीनंतर समिती पाल्याला प्रत्यक्ष पाहू शकते. आणणे शक्य नसेल तर तसे लेखी कळवून घरी भेटीची विनंती करा.

नेमणुकीचे प्रमाणपत्र फॉर्म बी मध्ये मिळते. बँक ते नाकारू लागली तर, समितीने दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरावे अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे हे शाखाधिकाऱ्याला दाखवून द्या.

इथे बरेच जण फाइल कपाटात ठेवतात, आणि चूक तिथेच होते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याची स्थावर-जंगम मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी समितीला द्यावी लागते. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्च आणि शिल्लक. डायपर, औषधे, मदतनिसाचा पगार यांच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला एका पाकिटात टाकत गेलात तर हे तासाभराचे काम आहे. पाल्याचा पैसा घरखर्चाच्या खात्यात मिसळला की हिशेब जुळत नाही. पालकाने हेळसांड केली किंवा मालमत्तेचा अपहार केला, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्यासाठी याच समितीकडे अर्ज करू शकतात.