पीसीओएस आणि गरोदरपण (खानदेश)

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) हा संप्रेरकांचा आणि चयापचयाचा विकार आहे. जननक्षम वयातल्या सुमारे ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे त्याला ‘पीसीओडी’ किंवा नुसतं ‘गाठी’ म्हणतात. या ‘गाठी’ शब्दाने फार घोळ होतो. सोनोग्राफीत दिसणारे काळे ठिपके म्हणजे अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका, बीज ज्यांत वाढतं त्या इवल्या पिशव्या. त्या कापून काढायच्या नसतात, आणि त्या दिसल्या म्हणून कूस उजवणार नाही असंही नसतं.

अडचण असते ती बीज वेळेवर न फुटण्याची. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने पुढे जाते. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के उतरलं, तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. नाही आली तर बीज फुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. वंध्यत्वासाठी त्या वापरायला भारतात २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. पुटकुळ्यांसाठीची आयसोट्रेटिनोइन गोळी मात्र मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच थांबवावी लागते. तिच्यामुळे गर्भात व्यंग येऊ शकतं.

दिवस राहिले की घरचे निर्धास्त होतात, पण खरी जपणूक इथून पुढे असते. पाळी चुकणं नेहमीचंच असल्याने अनेकींना दिवस गेल्याचं उशिरा कळतं. शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीखही चुकते, कारण बीज नेमकं कधी फुटलं हे पाळीवरून कळत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी टाळू नये. बाळंतपणाची तारीख त्यावरूनच पक्की होते.

पीसीओएस असलेल्या गरोदर स्त्रीला गर्भपात, गरोदरपणातला मधुमेह, वाढलेलं बीपी आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. शुगरची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. पाड्यावरून सकाळची एस.टी. धरून येणाऱ्या बाईला याचं मोल कळतं. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

आहाराचं म्हणाल तर खानदेशी ताट मुळात वाईट नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, सोबत वांग्याचं भरीत आणि मेथीची भाजी असली, तर नुसत्या भातापोळीपेक्षा शुगर हळू चढते. भरितात तेल किती पडतं हे मात्र बघावं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि वाटीवर वाटी आमरस होतो, तिथे आवरतं घ्यावं. माहेरवाशिणीला आग्रह प्रेमानेच होतो, पण ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हे तिला सांगू नये.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सासर धुळ्याचं आणि माहेर चोपड्याचं असलं, की सातव्या महिन्यात डॉक्टर बदलतात आणि फाईल सासरच्या कपाटातच राहते. शुगरचे आकडे, पहिली सोनोग्राफी, चालू गोळ्यांची चिठ्ठी हे सगळं पिशवीत साडीच्या आधी ठेवावं. नव्या डॉक्टरांना पीसीओएस असल्याचं आपणहून सांगावं. गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासायची असते. बाळंतिणीचा सव्वा महिना तेव्हा नुकताच सरलेला असतो आणि बाळाला दीड महिन्याची लस द्यायला दवाखान्यात न्यायचंच असतं. त्याच फेरीत आईचंही रक्त तपासून घ्यावं.