किरणोपचार केलेल्या फळ्या आणि पॅलेट : ऑर्डर देण्याआधी

एलडी, एचडी (दोन्ही पॉलिथिनचेच प्रकार) आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन) या प्लास्टिकांचे भंगार एकत्र वितळवून केलेली फळी मधूनच का फुटते? ही प्लास्टिके एकाच मशीनमधून निघाली तरी एकमेकांत मुरत नाहीत. आत त्यांचे वेगवेगळे कण राहतात आणि भार आला की तडा त्यांच्या सांध्यातूनच जातो.

म्हणून आम्ही भंगार वितळवून दाणा काढतानाच त्यात जोडरसायन, म्हणजे या प्लास्टिकांना एकमेकांशी धरून ठेवणारे रसायन, घालतो आणि तयार फळी परवानाधारक केंद्रात इलेक्ट्रॉन झोताखाली (वेगवान इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली) पाठवतो. हाच किरणोपचार. झोताने पॉलिथिनच्या लांब साखळ्यांवरचे काही हायड्रोजन अणू सुटतात आणि तिथे शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. पीपीचे मात्र उलटे असते. एकट्या पीपीच्या साखळ्या झोताखाली तुटतात, माल ठिसूळ होतो. त्यामुळे पीपी जास्त असलेला लॉट आम्ही पाठवतच नाही. पीव्हीसीचा तुकडासुद्धा नको, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. छाटणी आणि धुलाई नीट लागतेच. किरणांनी माती जात नाही.

"यात किरणोत्सर्ग उरतो का?" हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. नाही उरत. १० एमईव्हीपर्यंतच्या (एमईव्ही हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे माप) इलेक्ट्रॉन झोताने प्लास्टिक किरणोत्सारी होत नाही. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात, त्याची मात्रा ६० ते ९० ग्रे (ग्रे हे मालात शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचे माप). आमच्या फळीला १०० किलोग्रेच्या आसपास, म्हणजे हजारपटीहून जास्त. आकडा मोठा वाटतो, पण १ किलोग्रे म्हणजे किलोमागे १ किलोज्यूल ऊर्जा. तरीही १०० किलोग्रे एकदम दिले तर फळी सुमारे ५० अंशांनी तापेल, म्हणून ती पट्ट्यावरून थोड्या थोड्या मात्रेने फिरवतात.

१० एमईव्हीचा झोतही भरीव प्लास्टिकमध्ये एका बाजूने ३ ते ४ सेंटीमीटरच पोचतो. त्याहून जाड माल उलटून दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो, खर्च वाढतो. बागेतल्या बाकासाठी साधी फळी पुरते, उगाच पैसे घालवू नका. सतत ओझे पेलणाऱ्या किंवा गरम जागी राहणाऱ्या पॅलेटला हा उपचार घ्या. उन्हापासून बचाव मात्र याने होत नाही, त्यासाठी कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) वेगळा घालावा लागतो.

या फळ्या कापता येतात, भोक पाडता येते. गरम करून जोडायला जाऊ नका, त्या वितळत नाहीत. तुटलेला माल म्हणूनच बाकीच्या भंगारात टाकू नका, त्याचा पुन्हा दाणा होत नाही. आमच्याकडे परत द्या. दळून नव्या फळीत भर म्हणून वापरतो.