हरभऱ्याएवढं हृदय बघताना

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. बडोद्यातल्या आम्हा मराठी मुलांना सुट्टीत तो दाखवायला कुणीतरी मामा, आत्या हमखास नेत असे. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जिवंत निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके पहिल्यांदा मोजले. खोल बुडी मारताना ते मिनिटाला दोनपर्यंत उतरत होते. प्रयोगशाळेतला छोटा उंदीर अगदी दुसऱ्या टोकाला. हृदय हरभऱ्याएवढं, ठोके मिनिटाला ५०० ते ६००.

औषधाचा परिणाम बघायला या हृदयाची सोनोग्राफी करतात, पण माणसाच्या सोनोग्राफीच्या मशीनवर ते नीट दिसत नाही. पोटासाठी वापरतात त्या ३ मेगाहर्ट्झच्या (सेकंदाला ३० लाख कंपनांच्या) ध्वनीची लहर शरीरात अर्धा मिलिमीटर लांब असते, आणि उंदराच्या हृदयाची भिंत असते जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून इथे आखूड लहरीचा, ३० मेगाहर्ट्झ किंवा त्याहूनही वरचा ध्वनी लागतो. तो फार खोल जात नाही, पण उंदराचं हृदय कातडीखाली काही मिलिमीटरवरच असतं. वेगही हवा. मिनिटाला ६०० ठोके म्हणजे एका ठोक्याला सेकंदाचा दहावा भाग. सेकंदाला ३० चित्रं घेतली, तर एका ठोक्याची तीनच हाती लागतात.

तरीही चित्र खराब आलं की माझ्या मते मशीनची बटणं शेवटी बघावीत. आधी उंदराच्या अंगावरचे केस बघावेत. त्यांच्यात हवा अडकते आणि हवेवरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. म्हणून छातीवरचे केस काढतात. केस काढायचं क्रीम लगेच पुसलं नाही तर ती नाजूक कातडी भाजते. सोनोग्राफीआधी कातडीवर लावतात त्या जेलमधल्या बुडबुड्यांचाही हाच त्रास, कारण एकेक बुडबुडा खाली काळी सावली पाडतो. जेलचा थर जाड ठेवला की प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि टिपणारा मशीनचा हातात धरायचा भाग, छातीवर दाबावा लागत नाही. दाबला, तर इवलंसं हृदय चेपतं आणि मापं चुकतात.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे थंडी. भूल दिलेला उंदीर झपाट्याने गार पडतो. त्यात ओल्या जेलची भर. गार पडला की ठोके मंदावतात, ३०० पर्यंतही येतात, आणि मग पडद्यावरचं चित्र उलट जास्त रेखीव दिसतं! संथ हृदय टिपायला सोपं असतं ना. पण ते त्या उंदराचं नेहमीचं हृदय नव्हे. त्यावरून औषधाचा परिणाम ठरवला, तर हिशेबच चुकीचा होतो, आणि तो दुरुस्त करायला आणखी उंदीर लागतात. ही गोष्ट मला फार लागते. म्हणून खालचा पाट कोमट, जेलही कोमट, शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास, भूल लागेल तेवढीच, आणि ठोक्यांवर सतत नजर.

काम झालं की जेल पुसून उंदराला कोरडं करायचं आणि तो स्वतःहून चालू लागेपर्यंत उबेत ठेवायचा. पुढच्या आठवड्यात याच उंदराचं, याच जागेवरून, पुन्हा चित्र घ्यायचं असतं.