अरुणा शानबाग यांना इच्छामरण मिळालं नव्हतं

‘अरुणा शानबागला कोर्टाने इच्छामरण दिलं’ हे वाक्य अजूनही फिरतं. ते चूक आहे. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापुरती मागणी फेटाळली. त्या १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर हल्ला झाला. त्यानंतरची बेचाळीसएक वर्षं त्या तिथेच, जवळपास अचेत अवस्थेत होत्या. व्हेंटिलेटर काढायचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. श्वास त्यांचा स्वतःचा चालू होता. पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका अन्न थांबवण्याची होती. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला, आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क न्यायालयाने विराणींना नव्हे, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला.

यावरून ‘नर्सेस उपचार थांबवण्याच्या विरोधातच असतात’ असा अर्थ काढणं मला घाईचं वाटतं. रोज भरवणं, कूस बदलणं ही शुश्रूषा. अतिदक्षता विभागात अवयव एकेक करून निकामी होत असताना यंत्रं चालू ठेवायची का, हा वेगळा प्रश्न. तिथे तीच परिचारिका ‘आता त्रास नको’ म्हणू शकते.

त्याच निकालाने कृत्रिम जीवनाधार काढायची वाट उघडली, मात्र तेव्हा उच्च न्यायालयाच्या परवानगीने. २०१८ मध्ये लिव्हिंग विललाही (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता मिळाली, आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली: रुग्णालयानेच नेमलेली दोन वैद्यकीय मंडळं तपासतात, नातेवाइकांची संमती लागते. विषारी इंजेक्शन मात्र आजही गुन्हाच.