एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही

(ठाणे आणि नवी मुंबईतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काम झाल्यावर आमचा वायरमन जी चिठ्ठी देतो, तिच्यावर व्होल्ट (विजेचा दाब) आणि अँपिअर (वायरीतून वाहणारा करंट) हे दोन आकडे हमखास असतात. बरेच जण ती बिलाला टाचून कपाटात ठेवून देतात. आमची विनंती आहे, आधी ते आकडे वाचा. उपकरणाचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) किती आणि ते किती वॉट घेतंय, हे त्यावरून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. आमचं काम नीट झालंय का, हेही तुम्हाला स्वतःला पडताळता येतं.

रीत एवढीच:

व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम (रेझिस्टन्स)
व्होल्ट × अँपिअर = वॉट (पॉवर)

पहिला नियम जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडला. घरात दहावीचं मूल असेल तर त्याला हा पाठ असेल, त्यालाच हिशेब करायला सांगा.

गिझरचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. गिझरवर २००० वॉट, २३० व्होल्ट असं छापलेलं असतं. २००० ला २३० ने भागलं की ८.७ अँपिअर येतात. २३० ला ८.७ ने भागलं की साधारण २६.५ ओहम. हा त्या कॉइलचा रेझिस्टन्स. कॉइलची तार निकेल-क्रोमियमची असते, त्यामुळे ती तापली तरी हा आकडा फारसा हलत नाही. (जुन्या पिवळ्या बल्बची गोष्ट वेगळी. त्याचा रेझिस्टन्स थंड असताना आणि पेटल्यावर यांत दहापटीहून जास्त फरक पडतो.)

आता नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीतली चिठ्ठी पाहा. तक्रार होती, ‘पाणी उशिरा तापतं आणि बोर्डाजवळ जळका वास येतो.’ प्लगची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटची पांढरी प्लेट त्याच बाजूला पिवळट झाली होती. गिझर चालू ठेवून घेतलेली रीडिंग अशी: एमसीबीपाशी २३० व्होल्ट, गिझरच्या टर्मिनलवर २२२ व्होल्ट, करंट ८.४ अँपिअर.

२२२ भागिले ८.४, म्हणजे सुमारे २६.४ ओहम. म्हणजे गिझर उत्तम आहे, नवीन घ्यायची काहीच गरज नाही. मग ८ व्होल्ट गेले कुठे? ते वाटेतच खर्च झाले. ८ भागिले ८.४ केलं तर वाटेतला रेझिस्टन्स सुमारे ०.९५ ओहम येतो. एमसीबीपासून गिझरपर्यंत पंधरा मीटर अंतर, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाऊन-येऊन तीस मीटरच्या वायरचा रेझिस्टन्स ०.२२ ओहमच्या आसपास भरतो. उरलेले ०.७३ ओहम सॉकेटच्या ढिल्या स्क्रूत आणि काळ्या पिनेत.

आकडा छोटा दिसतो. पण एखाद्या ठिकाणी किती उष्णता तयार होते हे काढायचं, तर करंटचा वर्ग करून त्याला तिथल्या रेझिस्टन्सने गुणायचं. ८.४ × ८.४ × ०.७३ म्हणजे सुमारे ५१ वॉट. पंचवीस वॉटच्या दोन सोल्डरिंग आयर्न त्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून चालू ठेवाव्यात, तसं झालं हे!

आणि एमसीबी? तो पडलाच नाही, पडणारही नव्हता. एमसीबी पडतो करंट वाढल्यावर. इथे वाटेत रेझिस्टन्स वाढल्यामुळे करंट ८.७ वरून ८.४ वर उतरला होता. म्हणून गरम होणारा प्लग, काळी पिन, जळका वास, यांतलं काहीही दिसलं तर एमसीबी पडायची वाट पाहू नका. मेन स्विच बंद करा आणि फोन करा. कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीजवळच्या भागांत दमट खारी हवा पितळी टर्मिनलवर हिरवट थर चढवते. तिथे पावसाळा संपला की पॉवर पॉइंट एकदा उघडून तपासून, आवळून घ्यावेत, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

साधा पॉइंट की पॉवर पॉइंट?

साधं सॉकेट ६ अँपिअरचं. ६ × २३० = १३८० वॉट, ही त्याची हद्द. १५०० वॉटची किटली ६.५ अँपिअर घेते, म्हणजे तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. २००० वॉटच्या इंडक्शनलाही तोच. एक्स्टेन्शन बोर्डाला चार भोकं असली तरी भिंतीतला पॉइंट एकच असतो, त्यामुळे त्यावरच्या सगळ्या उपकरणांच्या वॉटची बेरीज करा.

व्होल्टेज कमी असेल तर

सप्लाय २०७ व्होल्टवर आला, म्हणजे दहा टक्क्यांनी उतरला, तर गिझरची पॉवर दहा नव्हे, एकोणीस टक्क्यांनी घटते, कारण व्होल्टबरोबर अँपिअरही दहा टक्क्यांनी उतरतात: २००० चे १६२० वॉट. पाणी उशिरा तापणारच, गिझरला दोष देऊ नका.

फ्रिज, पंखा, पंप यांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. मोटरमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यावर येणारा आकडा खऱ्या वॉटपेक्षा मोठा असतो, कारण मध्ये पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा हिस्सा) येतो. तिथे उपकरणावरच्या पट्टीवर छापलेले वॉट धरा.

रीडिंग स्वतः घेऊ नका, ही कळकळीची विनंती. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून सॉकेटमध्ये घातला तर थेट शॉर्ट होतो. सप्लाय चालू असताना ओहम मोजायलाही जाऊ नये. आमच्या माणसाकडे क्लॅम्प मीटर असतो, तो एकाच वायरभोवती लावला तर करंट दाखवतो, फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या तर शून्य. तो मोजत असताना जवळ उभे राहा, आकडे विचारा. एमसीबीपाशी किती आणि उपकरणापाशी किती, अशी दोन्ही व्होल्टेज चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.