तीन पलंग, तीन बाजा

इटलीतल्या प्राचीन पॉम्पेई शहराच्या तटबंदीबाहेर, वायव्येला साधारण ७०० मीटरवर चिविता जुलियाना नावाची जागा आहे. तिथे एका श्रीमंत रोमन वाड्याच्या उत्खननात २०२१ साली एक खोली सापडली. जेमतेम १६ चौरस मीटरची, उंचावर लहानशी खिडकी असलेली. आत तीन बाजा होत्या. बाजाच म्हणायला हव्यात, कारण ओबडधोबड फळ्यांची चौकट, तिच्यावर विणलेली दोरी आणि वर पांघरूण एवढाच तो सरंजाम. दोन बाजा १.७० मीटर लांब, तिसरी १.४० मीटर. बाजांखाली मातीची भांडी, त्यांतच रात्री लघवीला लागणारे भांडेही. उरलेल्या जागेत आठ रांजण, घोड्याच्या साजाचे सामान ठेवलेली पेटी आणि रथाचा दांडा. म्हणजे माणसे ज्या खोलीत झोपत, तीच घरातली अडगळीची खोलीही होती. ही माणसे त्या घरातले गुलाम होते.

इ.स. ७९ मध्ये गाडली जाऊन कुजून गेलेली दोरी आज दिसते कशी? वेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात उष्ण राखेचा लोट घरांत शिरला आणि वस्तूंभोवती घट्ट बसला. पुढे लाकूड, दोरी, कापड कुजून गेले, पण राखेत त्यांच्या आकाराची पोकळी तशीच राहिली. त्या पोकळीत पातळ प्लास्टर ओतायचे, ते घट्ट झाले की भोवतालची राख खरवडून काढायची. पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये ही पद्धत पॉम्पेईत मृतदेहांसाठी वापरली. चिविता जुलियानात तिनेच बाजेची वीण आणि पांघरुणाच्या चुण्यासुद्धा परत आणल्या.

रोमन घरात तीनचा आकडा आणखी एका खोलीत भेटतो, तो म्हणजे जेवणघरात. त्या खोलीचे नावच ‘ट्रिक्लिनियम’, तीन पलंगांची जागा. पलंग तीन बाजूंनी मांडलेले, मध्ये मेज, चौथी बाजू वाढणाऱ्यांसाठी मोकळी. एका पलंगावर तिघे, म्हणजे पंगत नऊ जणांची. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवत. कोण कुठल्या पलंगावर कुठे रेलणार, हे मानापानाने ठरायचे. दुपार कलली की सुरू झालेले हे जेवण अंड्यांपासून फळांपर्यंत तासन्‌तास चाले.

आता असे रेलून बसलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असतो. त्याला मांस कापता येत नाही, उठून हात धुता येत नाहीत. म्हणून पक्ष्याचे तुकडे करायला एक जण, दारू ओतायला दुसरा, हातावर पाणी घालायला तिसरा. जेवायची ही पद्धत मुळात दुसऱ्यांच्या हातांवर उभी होती. रोमन मेजवानीची वर्णने वाचताना मोराचे मांस आणि चांदीची ताटेच आपल्या लक्षात राहतात, हे हात निसटतात.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाला मात्र ते दिसले. उद्रेकाच्या पंधराएक वर्षे आधी लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो, की मालक जेवत असताना गुलामांनी ओठ हलवायचे नाहीत. खोकला, शिंक, उचकी आली तरी छडी बसते. रात्रभर उपाशी, मुक्याने उभे राहायचे. एक जण थुंकी पुसतो, एक पलंगाखाली वाकून झिंगलेल्यांचे उष्टे गोळा करतो. ‘ते गुलाम आहेत’ असे म्हणणाऱ्याला सेनेकाचे उत्तर आहे, ‘नाही, माणसे आहेत.’ त्याच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते आणि गुलामगिरी बंद करा असे तो कुठेही म्हणत नाही, हेही इथे सांगायलाच हवे.

स्वयंपाकघर कसे असे, ते पॉम्पेईतल्या वेत्तींच्या घरात दिसते. बैठकीच्या दालनांत भिंतीभर चित्रे, आणि चूल मात्र लहानशा, काळोख्या खोलीत. विटा-दगडांचा ओटा, त्यावर निखारे, निखाऱ्यांवर तिवईवर ठेवलेली काशाची भांडी. उत्खननात ती चुलीवरच सापडली. पॉम्पेईतल्या स्वयंपाकघरांना सहसा धुराडे नसे, आणि कितीतरी घरांत शौचकूप चुलीला लागूनच असे. या घराचे मालक, दोघे वेत्ती, बहुधा स्वतःच गुलामगिरीतून सुटलेले होते. मुक्त झालेल्या माणसाने पैसा आला की स्वतः गुलाम विकत घेणे रोममध्ये अगदी सर्रास होते. मला या इतिहासातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

गुलाम खात काय? इ.स.पू. दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिणाऱ्या कातोने शेतावरच्या गुलामांचा शिधाच मांडून ठेवला आहे. हिवाळ्यात महिन्याला चार मोदियुस गहू, म्हणजे साधारण २६ किलो. अर्धा लिटर तेल. तोंडी लावायला झाडाखाली गळून पडलेली ऑलिव्ह, आणि ती संपली की माशांचा ‘आलेक’. मासे मिठात मुरवून उन्हात ठेवले की वर जो स्वच्छ अर्क येतो तो ‘गारुम’, श्रीमंतांच्या मेजावरचा. खाली उरतो तो गाळ म्हणजे आलेक. एकाच रांजणातले वरचे मालकाला, तळचे गुलामाला. नवे कपडे देताना जुने परत घ्यावेत, त्यांच्या चिंध्यांची गोधडी होते, हाही कातोचाच सल्ला.

पॉम्पेईतल्या एका जेवणघराच्या भिंतीवर पाहुण्यांसाठी नियम रंगवले होते. दुसऱ्याच्या बायकोकडे वाईट नजरेने पाहू नका, असे एक बजावणे. आणखी एक ओळ अशी: पोऱ्याने पाण्याने पाय धुवावेत, ओले पाय पुसावेत; पलंगावर रुमाल अंथरावा, आमच्या कापडांना जपा. मूळ लॅटिन शब्द ‘पुएर’, म्हणजे मुलगा. पण गुलाम म्हातारा असला तरी त्याला ‘पुएर’च म्हणत, जसे आपल्याकडे हॉटेलातल्या कामगाराला वय न बघता पोऱ्या म्हणतात. जुन्या काळी तर गुलामाला वेगळे नावही नसे. मार्कसचा तो ‘मार्किपोर’. गुलाम बाईच्या पोटी आलेले मूल जन्मतःच मालकाचे, कारण कायद्याने गुलामांना लग्नही नव्हते आणि बापही नव्हता.

त्यामुळे भिंतीवरचा तो पोऱ्या दहा वर्षांचा की पन्नासचा, हे त्या ओळीवरून कळत नाही. चिविता जुलियानातली तिसरी बाज मात्र साडेचार फुटांची आहे, आणि तिच्यावर लहान मूल झोपत असावे असे उत्खनन करणाऱ्यांना वाटते. त्या बाजांच्या फळ्या झोपणाऱ्याच्या उंचीप्रमाणे हव्या तशा जोडता येत. ही बाज कोणीतरी मापाने आखूड जोडली होती.