स्मार्टफोन आणि बुद्धिमत्ता

स्मार्टफोनच्या नित्य वापरामुळे माणसाची स्मृती, अवधान व तर्कशक्ती यांत होणारे, किंवा होत असावेत असे मानले जाणारे बदल. या विषयाचा विचार स्मृतिसंशोधन, बुद्धिमापन व शिक्षणशास्त्र अशा तीन बाजूंनी होतो आणि तिन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतातच असे नाही. ‘फोनमुळे माणूस मठ्ठ होत चालला आहे’ या प्रचलित समजुतीत बुद्धिमत्ता, एकाग्रता व पाठांतर या तीन निराळ्या गोष्टी सरसकट एकच धरलेल्या असतात.

बुद्ध्यंकातील घट व तिचा कालनिर्णय : विसाव्या शतकात बहुतेक औद्योगिक देशांत बुद्धिमापन चाचण्यांतील सरासरी गुण पिढीगणिक वाढत गेले. ही वाढ दर दशकाला सुमारे तीन गुणांची होती. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात ती प्रकर्षाने दाखवून दिली, म्हणून तिला ‘फ्लिन परिणाम’ म्हणतात. पुढे काही देशांत वाढ थांबली व उतार सुरू झाला. या उताराचे खापर फोनवर फोडण्याची पद्धत लोकप्रिय लेखनात रूढ आहे.

कालक्रम मात्र या मताला अनुकूल नाही. नॉर्वेत सक्तीच्या लष्करी भरतीच्या वेळी तरुणांची बुद्धिचाचणी होते. १९६२ ते १९९१ या काळात जन्मलेल्या सात लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदी बर्न्ट ब्रात्सबर्ग व ओले रोगेबर्ग यांनी तपासल्या (२०१८). गुणांचा उतार साधारणपणे १९७५ नंतर जन्मलेल्यांपासून सुरू झालेला दिसतो. चाचणी अठरा-एकोणिसाव्या वर्षी होत असल्याने तो १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच नोंदला गेला असला पाहिजे. डेन्मार्कमधील भरतीच्या नोंदींतही गुणांचा कळस १९९० च्या दशकाच्या अखेरीस येतो. याउलट आयबीएमचा ‘सायमन’ (१९९४) हा स्मार्टफोनचा पूर्वज जेमतेम काही महिने बाजारात टिकला. आयफोन २००७ मध्ये आला आणि अँड्रॉइडवरचा पहिला फोन २००८ मध्ये. नॉर्वेच्या माहितीतील शेवटच्या तुकड्या फोन हाती येऊन वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच तपासल्या गेल्या होत्या. घट स्मार्टफोनमुळे सुरू झाली, हे मत त्यामुळे टिकत नाही. फोनने ती पुढे वाढवली का, एवढाच प्रश्न उरतो.

या संशोधकांनी सख्ख्या भावांचीही तुलना केली. एकाच घरातील धाकट्या भावातही उतार दिसल्याने अनुवंश व स्थलांतर ही स्पष्टीकरणे मागे पडतात व कारण परिस्थितीत शोधावे लागते. शिक्षणपद्धती, वाचनाच्या सवयी, पडद्यासमोरचा वेळ अशी अनेक कारणे सुचवली गेली आहेत. अमेरिकेत २००६ ते २०१८ या काळात सुमारे ३ लाख ९४ हजार प्रौढांनी दिलेल्या ऑनलाइन चाचण्यांत आकृतिबंध ओळखणे व अक्षर-अंकांच्या मालिका पुऱ्या करणे यांतील गुण घटले, तर त्रिमित आकृती मनात फिरवून पाहण्याचे गुण वाढले (२०२३). सगळी बुद्धी एकदम ओसरत असती, तर असे चित्र दिसले नसते.

महाराष्ट्रातही अशा कालक्रमाचे एक उदाहरण आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे हल्लीच्या मुलांना येत नाहीत याचा दोष कॅल्क्युलेटर व फोन यांना दिला जातो. प्रत्यक्षात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली, आणि आणे-पै व शेर-छटाकांच्या हिशेबाबरोबर या पाढ्यांची व्यवहारातील गरजही बहुधा तेव्हाच ओसरू लागली.

स्मृती : मानसशास्त्रज्ञ डॅनिअल वेग्नर यांनी १९८० च्या दशकात भागीदारीच्या स्मृतीची कल्पना मांडली. एकत्र राहणारी माणसे लक्षात ठेवण्याचे काम आपसांत वाटून घेतात. श्राद्धाच्या तिथी सासूबाईंना पाठ, विम्याचे हप्ते मुलाला. बाकीच्यांना कोणाला विचारायचे एवढे ठाऊक असले की पुरते. बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ व वेग्नर यांनी २०११ मध्ये ही कल्पना संगणकाला लावून पाहिली. एका प्रयोगात विद्यार्थ्यांकडून ‘शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो’ अशा धर्तीची ४० विधाने टंकून घेतली. निम्म्यांना सांगितले की मजकूर जपून ठेवला जाईल, निम्म्यांना सांगितले की तो पुसला जाईल. पुसला जाणार असे समजणाऱ्यांना विधाने अधिक आठवली. लक्षात ठेवा, अशी स्पष्ट सूचना दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात विधानापेक्षा ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले आहे हेच अधिक जणांच्या लक्षात राहिले. याला ‘गूगल परिणाम’ हे नाव पडले.

२०१८ मध्ये ‘नेचर’ व ‘सायन्स’ या नियतकालिकांतील २१ प्रयोग नव्याने करून पाहण्यात आले. त्यांतील १३ प्रयोगांचे मूळ निष्कर्ष पुन्हा मिळाले. स्पॅरो यांचा प्रयोगही नव्याने करण्यात आला, पण त्याचा मूळ निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. यावरून गूगल परिणाम खोटा ठरला असे लिहिले जाते, तो उतावीळपणा होय. पुन्हा केला गेला तो त्यांच्या मालिकेतील पहिला प्रयोग, म्हणजे अवघड प्रश्नानंतर संगणकाशी संबंधित शब्द मनात चटकन जागे होतात हा. वर सांगितलेला पुसण्या-जपण्याचा प्रयोग त्या तपासणीत नव्हताच. शिवाय बेंजामिन स्टॉर्म व शॉन स्टोन यांना २०१५ मध्ये असे आढळले की, एक फाइल जपून ठेवल्यावर पुढच्या फाइलमधील मजकूर अधिक चांगला लक्षात राहतो.

दिशाज्ञानाचा अभ्यास याच अंगाने झाला आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या, स्मृती व दिशाज्ञान यांच्याशी निगडित भागाची मागील बाजू इतरांपेक्षा मोठी असल्याचे एलिनॉर मग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले. २०१७ च्या एका प्रयोगात २४ जणांना लंडनमधील सोहो भागाच्या चित्रफितीतून वाट काढायला लावली. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्याशी येताच हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढे. दिशादर्शक यंत्र सांगेल तसे वळताना ती वाढत नसे. नकाशा दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबल्याने वाट शोधण्याची क्षमता कायमची घटते का, याबद्दलचा पुरावा तुटपुंजा आहे. मॉन्ट्रिऑलच्या एका अभ्यासात तीन वर्षांनी पुन्हा तपासता आलेले चालक अवघे १३ होते (२०२०).

अवधान : एड्रियन वॉर्ड व सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रयोग सर्वाधिक उद्धृत होतो. पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांनी आपापला फोन मूक करून टेबलावर, खिशात किंवा पिशवीत, अथवा दुसऱ्या खोलीत ठेवला. कार्यकारी स्मृतीच्या (माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेच्या) चाचणीत दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांना सर्वांत जास्त गुण मिळाले, टेबलावर ठेवणाऱ्यांना सर्वांत कमी. फोनकडे आपले लक्ष गेले नव्हते, असे बहुतेकांचे सांगणे होते. पुढच्या प्रयोगात फोन बंद होता की चालू, याने फरक पडला नाही. नंतर इतर संशोधकांना हा परिणाम कधी आढळला, कधी नाही. अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत तो लहानच राहतो. खरा धरला तरी तो त्या घटकेपुरता आहे. फोन खोलीबाहेर नेताच गुण वाढतात, याचा अर्थ क्षमता गेलेली नसते, ती गुंतलेली असते. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य मानले आहे.

हे प्रयोग बहुतांशी पाश्चात्त्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. ‘स्वतःचा फोन’ हे त्यांतले गृहीतक. भारतात २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे फोन घरोघर पोचला. पण पुष्कळ घरांत तो एकच असतो व रात्री वडील कामावरून आल्यावर मुलांच्या हाती येतो. अशा फोनला वॉर्ड यांचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

शाळांतील बंदी : इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांच्या अभ्यासात फोनबंदीनंतर गुण काहीसे वाढले व लाभ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला (२०१६). स्वीडनमधील तशाच अभ्यासात परिणाम दिसला नाही (२०२०). सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा असा गावाचा नियम झाला. साडेआठला दुसरा भोंगा होतो.